शुभांगीले चांगली म्हनू नका

त्या दिवशी कोनी कोनाले फसवलं, ते मले अजून नीट समजलं नाई. माहा पोरगा संतोष म्हनते, "माय, तूच सगळ्यायले फसवलं." तसं असतं तर मी गल्लीत पेढे वाटले असते. पन तसं झालं नाई ना. म्हनून म्हनलं, एकदा सांगून पाहावं. सांगता सांगता उमगलं तर उमगलं.

माहं नाव भागाबाई, गाव बाजारहत्नूर. मी वांगे, भेंड्या, मेथी लावते. उन्हाळ्यात पडली अन् खुब्याचं हाड मोडलं. कशी पडली इचारसान, तर उटनूरच्या जंगलात अस्वलासंगं कुस्ती खेळताना पडली. नाई पटत? मंग भोपळ्यावरून पडली. असा भोपळा होता का वर चढाले शिडी लावा लागे. तेही नाई पटत तर जाऊ द्या, पायपुसन्यावरून घसरली. पन पायपुसन्याची गोष्ट ऐकाले कोन बसते?

आदिलाबादले ऑपरेशन झालं. खुब्यात लोखंड घातलं, अन् संतोषनं मले सेंटरात नेऊन ठेवलं. सेंटर म्हनजे दवाखाना नाई अन् घरही नाई. ज्यायचे हाडं मोडले, ज्यायचं अर्ध अंग गेलं, असे लोक तिथं महिना-दोन महिने राहतात, उठाले-चालाले शिकतात. एकट्यानं वीस पावलं चाललं का छुट्टी. बायांच्या हॉलमंदी आमी सहा जनी होतो. माह्या बाजूच्या खाटेवर बोथची रेणुकाबाई, किराना दुकानवाल्याची माय. तिचा डावा हात अर्धांगानं गेला होता, तोंडाचीही डावी बाजू गेली होती, पन राह्यलेल्या अर्ध्या तोंडानं ती दोन मानसाचं बोले.

आमचं कराले दोन पोरी होत्या. एक रंजीता. तिचं तोंड मी कधी नीट पाह्यलंच नाई, ते फोनात राहे. घंटी दाबली का "येऊन राह्यली" म्हने. ते तिचं येनं जे निंगालं ते अजून रस्त्यातच हाय.

दुसरी शुभांगी. बोलाले कडू. कंगवा हातात दे, केसं इंचरून नाई दे. "हात तुमचा, केसं तुमचे, आजी." पन दर दोन घंट्याले येऊन रेणुकाबाईले कुशीवर वळवे, पाठ पुसे, हातावर तेल गरम करून लावे. रेणुकाबाई दीड महिना खाटेवर होती, पाठीले एक फोड आला नाई. कोनाचं अंथरून ओलं झालं तर शुभांगी नाक मुरडत नसे, अन् चारचौघीत बोलतही नसे. चादर बदलली का झालं. तिच्या घरी कमावती ती एकटीच. धाकटी बहीन नेहा निर्मलले शिकून राह्यली होती.

एक दिवस धम्मपाल हॉलमंदी आला. हा तिथला नवा क्लार्क, लागून आठच दिवस झाले होते. तेलुगू अन् मराठी दोन्ही फाडफाड बोले, पन हसाचं काम त्यानं दुसऱ्या कोनाले देल्लं होतं.

"आजी लोक, ऐका," तो म्हने. "उद्या हैदराबादहून मॅडम येऊन राह्यल्या, मुआयना कराले. इथं सेवा कशी भेटते ते तुमाले इचारतीन. अन् दुसरी गोष्ट. शुभांगी अन् रंजीता, दोघीतून एकच पक्की होनार हाय. दुसरीले दसऱ्यापासून घरी बसा लागन. मार्क तुमी देनार. नीट इचार करून बोला."

तो गेला. रेणुकाबाईनं मले बोटानं बोलावलं.

"भागाबाई, मले भेव वाटून राह्यलं वो."

"काऊन?"

"सहा जनी सहा तोंडानं त्या पोरीले चांगली चांगली म्हनतीन. दृष्ट नाई लागनार का?"

आता तुमी शहरातले असान तर हसान. पन आमच्याकडे कोनाचं लेकरू गुटगुटीत असलं तर आमी म्हनतो, "काय वो, किती वाळलं हे!" माय समजते. माह्या मळ्यात काठीवर फाटका जोडा टांगेल हाय, तो काही उगाच नाई टांगला. एका साली एक पाव्हना आला अन् "वाहवा, काय वांगे हाय!" म्हनून गेला. सांजपर्यंत वांग्यायचे तोंडं वाकडे झाले. दुसऱ्या दिवशी एक वांगं मले "माय" म्हनून रडलं. बरं, रडलं नाई. पन किडलं.

मी म्हनलं, "रेणुकाबाई, जेवढी मोठी जागा तेवढी मोठी दृष्ट. उद्या आपन सगळ्यायनं शुभांगीले नावं ठेवाचे. असे ठेवाचे का दृष्ट जवळ आली नाई पाह्यजे."

"पन मॅडमले समजन ना?"

"काऊन नाई समजनार? तीही कोन्या आजीची नात असन."

"अन् रंजीताले?"

"तिले भरभरून चांगली म्हना."

रेणुकाबाई अर्ध्या तोंडानं हासली. "अन् लागली दृष्ट तर?"

"लागू द्या."

दुसऱ्या दिवशी मॅडम आल्या. सुती साडी, जाड चष्मा, हातात पाटीएवढा फोन. त्या फोनात पाच तोंडं होते. पहिलं रडे, पाचवं दात काढे. मॅडम एकेकीच्या खाटेजवळ बसत, तेलुगूत इचारत, धम्मपाल मराठीत सांगे, अन् आमी फोनातल्या तोंडावर बोट ठेवाचं.

रेणुकाबाईपासून सुरवात झाली. जेवन? हसतं तोंड. पानी? हसतं तोंड. रंजीता? रेणुकाबाईनं पाचवं तोंड असं दाबलं का फोन मॅडमच्या हातातून निसटला. मंग शुभांगी. रडतं तोंड.

"काही कामाची नाई," रेणुकाबाई म्हने. "अशी आळशी पोरगी सात जन्मात पाह्यली नाई." अन् माह्याकडे पाहून डोळा मारला. एका डोळ्यानंच मारता येत होता, पन मारला.

बाकीच्या चौघीनंही तसंच केलं. मंग मॅडम माह्या खाटेवर आल्या. "बागुंदा, अव्वा?"

धम्मपाल म्हने, "बरं हाय का आजी, इचारून राह्यल्या."

आता पाच जनी मले पाहून राह्यल्या होत्या. नुसतं रडतं तोंड दाबून मी काय करू? माही काही इज्जत हाय का नाई?

"शुभांगी?" मी म्हनलं. "तिचं नाव नका घेऊ, बाप्पा. तिनं मले पंख्याले टांगलं होतं."

धम्मपालचा पेन थांबला. "काय?"

"पंख्याले. या वरच्या. दुपारभर. पंखा चालू होता, मले गरगरा निर्मलपर्यंतचा रस्ता दिसे. अन् परवा आंघोळ घातली तर कपड्यावानी पिळून दोरीवर वाळू घातलं."

"आजी, हे त्यायले सांगू?"

"सांग ना. नीट सांग. दोरी नायलॉनची होती म्हना."

त्यानं सांगितलं. शब्दाले शब्द. पोरगा इमानदार होता, तिथंच घात झाला. मले वाटलं मॅडम हासतीन. मॅडमनं चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला अन् लिवाले लागल्या. मी म्हनलं, हैदराबादचे लोक मनातल्या मनात हासत असतीन.

"आनखी काही तक्रार?" धम्मपालनं इचारलं.

एक तक्रार खरी होती. "इथं गुळाचा डबा एका जागेवर राहत नाई. आधी खिडकीत होता. मंग कपाटावर गेला. मंग दाराजवळ. आता चहाच्या खोलीत. हे काय सेंटर चालवनं झालं?"

"तुमाले कसं माहीत? तुमी तर खाटेवरून उठत नाई."

"वासानं," मी म्हनलं.

मॅडम उठल्या अन् बाहेर व्हरांड्यात गेल्या. काचेतून दिसे. शुभांगीले बोलावलं. मॅडम बोलल्या, शुभांगीनं एकदा पंख्याकडे पाह्यलं, एकदा माह्याकडे पाह्यलं. तिच्या तोंडावर काय होतं ते मले वाचता येईना. राग असता तर समजला असता. तिले काही समजतच नव्हतं.

धम्मपाल धावत आत आला. "आजी, हे काय करून बसल्या तुमी? मॅडम म्हनतात शुभांगीले आजच्या आज काढा. पंख्याची तहकिकात लागनार हाय!"

"काढा? काऊन? आमी तर तिचं चांगलं बोललो!"

"चांगलं? सहाच्या सहा जनीनं रडतं तोंड दाबलं!"

"तेच तर म्हनते मी!"

धम्मपाल खुर्चीवर बसला. मी त्याले दृष्टीचं समजावलं, वांग्यापासून सुरू केलं. त्याचं तोंड पाहून मले आठोलं का याच्या घरी दृष्ट-बिष्ट मानतच नसतीन.

"म्हनजे शुभांगीचं रडतं तोंड म्हनजे हसतं?" तो म्हने.

"हो."

"अन् रंजीताचं हसतं म्हनजे रडतं?"

"आता समजलं तुले."

"मंग जेवनाले हसतं देल्लं ते?"

"ते हसतंच. जेवन बरं असते."

"पान्याचं?"

"पान्याचं..." मी रेणुकाबाईकडे पाह्यलं. "रेणुकाबाई, पान्याचं आपन कसं देल्लं वो? उलटं का सुलटं?"

"मले वाटलं सुलटं."

तिसऱ्या खाटेवरची म्हने, "मी तर उलटं देल्लं, पानी चांगलं हाय म्हनून रडतं दाबलं." चौथी म्हने का तिले वाटलं आज रंजीता म्हनजेच शुभांगी. आता माहंही डोकं फिरलं. कोनतं तोंड कोनाचं, हसतं कोनतं अन् रडतं कोनतं, काही पत्ता लागेना.

"मॅडमले बोलव," मी म्हनलं. "मी खरं सांगते."

मॅडम आल्या. मी हात जोडले. "शुभांगी लय..." इथं जीभच अडली. पन्नास साल झाले, कोनाले तोंडावर चांगलं म्हनलं नव्हतं. "शुभांगी चांगली पोरगी हाय. पंखा खोटा होता. दोरी पन खोटी होती."

धम्मपालनं सांगितलं. मॅडमनं तेलुगूत हळूच काहीतरी इचारलं.

"आजी, मॅडम म्हनतात, आमी व्हरांड्यात होतो तवा कोनी येऊन तुमाले धमकावलं का? भिऊ नका म्हनतात."

"कोनी नाई धमकावलं! मी खरं सांगून राह्यली!"

"मगाशी पन तुमी खरंच सांगत होत्या."

मी जेवढं चांगलं बोलू, मॅडमचं तोंड तेवढं काळजीचं होऊ लागलं. शेवटी त्यायनं माही फाईल उघडली अन् एका ओळीवर बोट ठेवलं. धम्मपालनं वाचून दाखवलं. "भागाबाई. सहा आठवडे. दोघांच्या आधाराशिवाय उभ्या राहू शकत नाईत. सुधारना: नाई."

"मॅडम म्हनतात, तोंडं सोडा, ही फाईल तर खोटं बोलत नाई ना? शुभांगीच्या हातात सहा आठवडे, अन् एक पाऊल नाई."

आता तुमाले एक गोष्ट सांगा लागन. इथं अस्वल नाई अन् भोपळा नाई.

मले चालता येत होतं. तिसऱ्या आठवड्यापासून. दुपारी सगळे झोपले का मी उठे, खाटा धरत, भिंत धरत गुळाच्या डब्यापाशी जाये, खडा तोंडात टाके अन् परत येऊन पडे. शुभांगी चालवाले आली का "अयाई गं" करून कंबर धरे. वीस पावलं चालली का घरी धाडतीन. अन् घरी काय? संतोष अन् सून चंचल सकाळी भाजी घेऊन बाजारात जातात ते सांजले येतात. दिवसभर मी अन् कोंबड्या. कोंबड्यायले अस्वलाची गोष्ट सांगितली तर दाने टिपत निंगून जातात. इथं पाच जनी खाटेवर बांधल्यावानी, कोनी उठून जाऊ शकत नाई. एवढं चांगलं गिऱ्हाईक मले कुठं भेटन?

फाईलीतलं ते खोटं माहं होतं. उठून उभी राह्यली असती तर तिथंच मिटलं असतं. पन मी बसून राह्यली. मनात म्हनलं, अजून काही मार्ग निंगन. मले लाज वाटत होती, पन पाय खाली सोडवत नव्हते.

तेवढ्यात शुभांगी दारात आली, खांद्याले पिशवी लावून. "आजी, जाते," म्हने. तिले पाहून रेणुकाबाईनं मोठ्यानं गळा काढला. "अवो, ही पोरगी चांगली हाय वो! लय चांगली हाय!" मंग बाकीच्याही सुटल्या. चांगली हाय, गुनाची हाय, देवासारखी हाय, हाताले जस हाय. सहा आठवड्याचं दाबून ठेवलेलं सगळं एकदम बाहेर. मी कानावर हात ठेवले. एवढं कोनाच्या अंगाले सोसन?

अन् झालंच. शुभांगीचं तोंड पांढरं पडलं. तिनं दार धरलं, दार सुटलं, अन् ती मटकन खाली बसली.

"लागली!" मी ओरडली. "लागली दृष्ट! मीठ आना! मिरच्या आना!"

कोनी ऐकेना. धम्मपाल पान्याचा पेला शोधे, मॅडम शुभांगीचं मनगट धरून बसल्या, रंजीता फोनात. मीठ-मिरची कोन आननार? मी चहाच्या खोलीत गेली. डब्यातून मूठभर मीठ घेतलं, मोहरी घेतली, सुक्या मिरच्या मोजून सात. परत आली अन् शुभांगीवरून डोक्यापासून पायापर्यंत मूठ उतरवाले लागली. "आल्या-गेल्याची, पापी चांडाळाची, हॉलमधल्या पाच म्हाताऱ्यायची..."

तिसऱ्या खेपेले मले जानवलं का सगळे माह्याकडेच पाहून राह्यले.

रेणुकाबाईचं अर्ध तोंड उघडं होतं. धम्मपाल पेला घेऊन तसाच उभा. "सव्वीस," तो म्हने. "जाताना सव्वीस पावलं. येताना मी मोजले नाई."

मी खाली पाह्यलं. दोन्ही पाय माहेच होते. आता "अयाई गं" म्हनून काही उपयोग नव्हता.

मॅडम माह्या मुठीकडे पाहून राह्यल्या होत्या. हळूच म्हनाल्या, "दिष्टी?"

"दिष्टीच," धम्मपाल म्हने. "तेलुगूत दृष्टीले दिष्टी म्हनतात." अन् मॅडम जे बोलाले लागल्या ते त्याले मराठीत करताना दम लागला. त्यायची आजी त्यायले लहानपनी "ए काळे, ए नकटे" म्हनून हाक मारे. मोठ्या होईपर्यंत त्यायले वाटे आजीले आपन आवडत नाई.

शुभांगी पानी प्याली. सकाळपासून पोटात काही नव्हतं, म्हने. असन. पन मिरच्या उतरवल्यावरच डोळे उघडले, हे सगळ्यायनं पाह्यलं.

मॅडमनं फाईलीवर बोट ठेवून तिले इचारलं, "ही अव्वा चालते हे तुले माहीत होतं?"

शुभांगीनं माह्याकडे पाह्यलं. "हो. डबा मीच सरकवत होती."

"कोनता डबा?" मी म्हनलं.

"गुळाचा. खिडकी चार पावलं, कपाट नऊ, दार पंधरा. चहाची खोली परवापासून. मी आडून पाहत राहे, आजी. पडल्या तर धराले."

"मंग फाईलीत काऊन नाई लिवलं?" धम्मपालनं इचारलं.

"चोरून चाललेलं लिवाले रकाना कुठं हाय? अन् लिवलं असतं तर यायनं चोरी बंद केली असती. अजून जिना राह्यला होता. पुढच्या आठवड्यात डबा गच्चीवर नेनार होती."

साठ साल मी लोकायले गोष्टी सांगून फिरवलं, अन् ही पोरगी मले गुळाच्या खड्यावर फिरवून राह्यली होती! रागावू का लाडानं गालगुच्चा घेऊ, मले समजेना. मूठ तशीच हातात होती, म्हनून अजून एकदा उतरवली.

मॅडमनं पाटीवरचे सगळे तोंडं पुसून टाकले. पुन्हा पहिल्या खाटेपासून गेल्या, अन् या खेपी एकच गोष्ट इचारली: दोघीपैकी कोनाले दृष्ट लागन असं भेव वाटते? सहाच्या सहा जनी म्हनाल्या, शुभांगीले. रंजीताची कोनालेच काळजी नव्हती.

दसऱ्याले शुभांगी पक्की झाली. मले मात्र मॅडम आल्या त्याच दिवशी सांजले छुट्टीचा कागद भेटला. संतोष अन् चंचल घ्याले आले तर रेणुकाबाई म्हने, "ने बाप्पा हिले, आमच्या डोक्याले आराम भेटन," अन् पदरानं डोळे पुसत होती. तिनं कोनतं उलटं धरलं होतं ते मी इचारलं नाई. शुभांगीनं चंचलले दाराआड नेऊन काहीतरी सांगितलं. मले वाटलं गोळ्यायचं असन.

घरी आली तर गुळाचा डबा गायब. चार दिवस अंगनातल्या कोनाड्यात भेटला, मंग शेजारच्या ओट्यावर. आता तो पंचफुलाच्या घरी जाऊन बसला हाय, गल्लीच्या पार टोकाले. मले समजते हे कोनाचं काम हाय. समजते, तरी जाते. आता ही चोरी हाय का कसरत, ते मले ठरवता नाई येत.

काल पंचफुलाच्या ओट्यावर बसून गुळाचा खडा चघळत तिले सांगून राह्यली होती, सेंटरात शुभांगी नावाची पोरगी मले पंख्याले टांगे.

"अगं माय!" पंचफुला म्हने. "किती वाईट पोरगी वो!"

"लय वाईट," मी म्हनलं. "लयच वाईट."